हरणाबाईची गाठ आणि सुलाबाईचा फोटो

खरातवस्तीवरच्या हरणाबाईने आयुष्यात एकदाच एका माणसावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला, आणि तो माणूस मुका होता. असं तिचा नवरा धुळा सांगायचा, आणि सांगून झाल्यावर ती मागे उभी नाही ना, हे वळून बघायचा.

विट्याच्या पूर्वेला माळावर ही वस्ती. वीस-बावीस घरं, घरांपेक्षा कळपाची वाडगी मोठी, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. हरणाबाई तिथली. उंच, काटक, कपाळावर आडवं कुंकू आणि दोन्ही भुवया कायम वर. समोरचा काहीही बोलला तरी त्या भुवया "असं व्हय?" असं म्हणत असायच्या. स्टँडवर "सांगली" अशी पाटी लावलेली एसटी उभी असली तरी ती कंडक्टरला विचारायची, मग ड्रायव्हरला विचारायची, आणि दोघांचं उत्तर जुळलं की आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारायची. रेडिओवर पावसाचा अंदाज लागला की, "ह्यास्नी कुणी सांगितलं?" बिरोबाच्या जत्रेत भाकणूक व्हायची. यंदा पाऊसपाणी कसं, बाजारातली धारण कशी, रोगराई कुठे, हे देवाचा माणूस अंगात वारं घेऊन सांगतो आणि लोक हात जोडून ऐकतात. हरणाबाईही हात जोडायची, पण जोडलेल्या हातांनीच शेजारणीला म्हणायची, "गेल्या साली ज्वारी चांगली म्हणला हुता. आली का?"

माझं औषधाचं दुकान विट्यात, डॉक्टर राजवर्धन यांच्या दवाखान्यासमोर. त्यामुळे ही बाई माझ्या वाट्याला बरीच आली. डोकेदुखीची गोळी घ्यायची तरी आधी मी खाऊन दाखवायची, असा तिचा नियम. औषध विकणारा माणूस एवढा निरोगी कसा, असं लोक मला विचारतात. त्याचं श्रेय हरणाबाईला. ती गोळ्या आधी मला चारून मगच पैसे द्यायची.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा संपता संपता धुळा तिला टेंपोत घालून घेऊन आला. दोन वर्षं तिला महिन्याची अडचण दहा-दहा, बारा-बारा दिवस चालत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. कऱ्हाडकडे उसाच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, तिथे मेंढ्यांभोवती जाळीची वाघर बांधता बांधता ती खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी पोट तपासलं, सांगलीला सोनोग्राफीला पाठवलं. कागद आला. गर्भपिशवीत गाठ. कवठाएवढी.

राजवर्धन डॉक्टरांविषयी थोडं सांगायला हवं. ह्यांचे वडील सेलमला सोनं गाळायचे. आमच्या विट्याची माणसं देशात जिथे सोनं आहे तिथे भट्टी लावून बसलेली असतात. वडील कसोटीवर एक रेघ ओढून सोन्याचा कस सांगायचे. पोराने तीच खोड बायकांच्या पोटातल्या गाठींना लावली. त्यांच्याकडे एक जाड वही होती. गाठीवर गोळ्या सुरू करायच्या आधी ते त्यात पेन्सिलीने लिहायचे, ही आक्रसणार की नाही. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो आला की शाईने लिहायचे, आक्रसली की नाही. अंदाज बरोबर आला की त्या दिवशी ते कंपाउंडरलासुद्धा अहो म्हणत. चुकला तर माझ्या दुकानात येऊन काउंटरवर बोटं वाजवत बसत.

"हरणाबाई," ते म्हणाले, "पिशवी काढावी लागेल."

"का?"

"गाठ आहे म्हणून. रक्त सहावर आलंय तुमचं."

"गोळ्यानं जात न्हाई?"

"काहींची आक्रसते. तुमची आक्रसणार नाही असं मला वाटतं. जुनी गाठ आहे, कडक, काठाला चुना धरल्यासारखी. गोळ्या चालू आहेत तोवर रक्त थांबेल, गोळ्या बंद की पुन्हा सुरू."

हरणाबाईच्या भुवया पदराला टेकल्या. "आपरेशन झाल्यावर मी मेंढराबरूबर कवा जायाची?"

"आधी औषधाने रक्त वाढवायला दोन-तीन महिने, मग ऑपरेशन. त्यानंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. चालायचं बेताबेताने."

"दिवाळी झाली की मेंढरं भाईर पडत्यात. आमी पाटणच्या अंगाला जातो. मी न्हाई गेले तर कोकरांचं कोण बघायचं? हा?" हा म्हणजे धुळा. धुळा जमिनीकडे बघत होता. "न्हाई डाक्टर. पिशवी काडायची न्हाई. तुमी गोळ्या द्या."

"अहो, गुण येणार नाही म्हणून सांगतोय."

"तुमी द्या तर."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं: नाही.

गोळ्या घेऊन ती बाहेर आली. ह्या वेळी मला खायला सांगितलं नाही, कारण बायकांच्या गोळ्या खाऊन मला काय होईल याची तिला खात्री नव्हती. मला होती, म्हणून मी गप्प बसलो. तिने वस्तीवर जाऊन पहिली गोळी भाकरीत घालून एका म्हाताऱ्या मेंढीला चारली आणि दोन दिवस तिच्या मागे मागे फिरली. मेंढीला काहीच झालं नाही. मग स्वतः सुरू केल्या. तीन महिने रक्त थांबलं, अंगावर थोडी तरतरी आली. गोळ्यांपायी ओठावर बारीक लव आली, तेव्हा धुळाने एकदा नजर टाकली. "काय बघताय? तुमच्यापरास बरी दिसती," असं म्हणून तिने तो विषय मिटवला.

आश्विन आला. डॉक्टरांनी सांगितलं, आता सांगलीला जाऊन पुन्हा सोनोग्राफी करा. आणि इथे हरणाबाईच्या डोक्यात किडा शिरला.

पहिल्या वेळी सांगलीच्या त्या सेंटरमध्ये बाकड्यावर अकरा बायका बसल्या होत्या. हरणाबाईने एकेकीला विचारलं होतं. सात जणींना गाठ. "अकरात सात?" ती धुळाला म्हणाली. "आटपाडीच्या बाजारात सगळ्याच मेंढ्या गाभण निघाल्या तर तुमी घेशीला? हेडी खोटं बोलतोय म्हणशीला. हितं मशीन खोटं बोलतंय. पोटाला लावलं की गाठ दावतंय. गाठ दावलं की आपरेशन."

"डाक्टर तसा न्हाई," धुळा म्हणाला. त्या वर्षातलं हे त्याचं सर्वांत लांब वाक्य.

"हेडीबी तोंडानं तसा नसतो."

बाजारात हेडी म्हणजे जनावरांचा दलाल, आणि हरणाबाईच्या मते जगातले सगळे शिकलेले लोक त्याचे भाऊबंद. अशा माणसाला पकडायची एक रीत तिच्याकडे होती. आपल्याला पक्की ठाऊक असलेली मेंढी त्याच्यापुढे करायची आणि काय म्हणतो ते बघायचं. भाकड मेंढीला गाभण म्हणाला की तो गेला.

तिच्याकडे अशी एक पक्की ठाऊक असलेली होती. तिची जाऊ, सुलाबाई. पाच लेकरं झालेली, पाचव्या लेकराच्या तिसऱ्या दिवशी पाण्याला गेलेली. पोटात अन्नाशिवाय काही गेलेलं नाही आणि अन्न कधी चुकलेलं नाही. ठरलं असं, की हरणाबाईचे जुने कागद घेऊन, हरणाबाईच्या नावाने, सुलाबाईने बाकड्यावर बसायचं. मशीनने तिच्यातही गाठ दाखवली की हरणाबाई मोकळी.

सुलाबाई सांगलीला गेली ती मुख्यतः भडंगासाठी. तिथे तिला चार तांबे पाणी प्यायला लावून दोन तास बसवून ठेवलं. "हरणाबाई धुळा खरात" अशी हाक तीनदा झाली. ही बसलेलीच. चौथ्या हाकेला शेजारच्या बाईला म्हणाली, "कोण ही भैरी बाई?" मग आठवलं, आणि उठली.

संध्याकाळी ती वस्तीवर परतली. भडंगाची अर्धी पिशवी आणि पूर्ण बातमी घेऊन.

"त्यो म्हणला, गाठ न्हाई," सुलाबाई म्हणाली. "पुना पुना फिरवलं मशीन. जुना कागद बघितला. म्हणला, बाई, कमाल झाली."

हरणाबाई चुलीपुढे बसली होती. तिने एक काटकी मोडून चुलीत सारली. मशीन खरं बोलत होतं. नसलेली गाठ त्याने दाखवली नव्हती. म्हणजे तिच्या पोटात त्याने जी दाखवली होती, ती होती.

"आता?" सुलाबाईने विचारलं.

"आता गप बसायचं. त्यो कागद चुलीत घाल."

कागद चुलीत गेला, पण तोवर उशीर झाला होता. सांगलीच्या डॉक्टरने आमच्या डॉक्टरांना दुपारीच फोन केला होता. एवढी मोठी, काठाला चुना धरलेली गाठ तीन महिन्यांच्या गोळ्यांनी दिसेनाशी होते, ही गोष्ट काही दर आठवड्याला घडत नाही. राजवर्धन डॉक्टर माझ्या दुकानात पेढे घेऊन आले. त्यांचा अंदाज चुकला होता आणि तरी पेढे, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"माझा ठोकताळाच उलटा होता," ते म्हणाले. "कडक गाठ दाद देत नाही असं मी समजत होतो. देते. अहो, किती बायकांच्या पिशव्या मी उगाच काढल्या असतील?"

मी पेढा खाल्ला. मला खरं म्हणजे शंका आली होती. पण ती गोळी माझ्याच दुकानातली होती, आणि दुकानदाराला आपल्या मालाविषयी शंका आली की तो पेढा खातो.

डॉक्टरांचा स्वभाव असा, की पटलं की थांबायचं नाही. वहीतला "नाही" त्यांनी शाईने खोडला. सोमवारी बौद्धवाड्यातल्या लक्ष्मीबाई कांबळे यांचं ऑपरेशन ठरलं होतं. बालवाडीत मदतनीस, चाळीसच्या आतबाहेर, अगदी हरणाबाईसारखीच गाठ आणि रक्त तिच्याहून कमी. ते ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं आणि लक्ष्मीबाईंनाही त्याच गोळ्या सुरू केल्या.

वस्तीवर हरणाबाई मोकळी फिरत होती. पण कशी? कागदावर ती बरी झाली होती. पिशवी काढा म्हणून आता तिच्या मागे कुणी लागणार नव्हतं. गोळ्या संपल्या होत्या आणि आठव्या दिवशी रक्त पुन्हा सुरू झालं होतं, पहिल्यापेक्षा जास्त. ती रक्ताने भरलेले धडपे धुवायची पहाटे, लांब ओढ्यावर जाऊन. दिवाळी आठ दिवसांवर होती. मेंढ्यांबरोबर एकदा बाहेर पडलं की झालं, असं तिने ठरवलं होतं. धुळाला कळत होतं, पण तो मेंढ्यांचे खूर तपासत बसायचा.

अशात एक दिवस लक्ष्मीबाई वस्तीवर आल्या. कुणाच्या तरी सायकलच्या मागे बसून आल्या होत्या, तरी दारापर्यंतच्या चार पावलांनी त्यांना धाप लागली. हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा.

"तुमच्यामुळं माझं ऑपरेशन टळलं बघा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणले, खरातवस्तीच्या बाईची विरघळली, तुमची बी विरघळंल. म्हटलं, त्या बाईला एकदा बघून यावं."

हरणाबाईने डबा घेतला नाही. ती लक्ष्मीबाईंच्या तोंडाकडे बघत होती. "रक्त थांबलं का?"

"न्हाई अजून. गोळ्या सुरू करून पाचच दिस झाल्यात. थांबंल की. तुमचं थांबलं तसं."

"हिकडं या. उजेडात या."

मेंढीच्या अंगात रक्त किती आहे हे धनगराला कागदावर बघावं लागत नाही. डोळ्याखालची पापणी अंगठ्याने खाली ओढायची. आत लाल असलं तर मेंढी चालेल. फिक्कं असलं तर चालेल, पण मागे पडेल. पांढरं असलं तर तिला कळपाबरोबर काढायची नाही, वाटेत बसेल. हरणाबाईने लक्ष्मीबाईंची पापणी खाली ओढली. आत चुन्यासारखं पांढरं होतं.

लक्ष्मीबाई हसल्या. "आवं मावशी, मी काय मेंढी हाय?"

"घरला जावा," हरणाबाई म्हणाली. "आन् उद्या दवाखान्यात या. सकाळच्याला."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी हरणाबाई आणि सुलाबाई पायरीवर बसलेल्या मी बघितल्या. डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं, कारण हरणाबाईने साक्षीदार मागितला होता. साक्षीदाराशिवाय ती कबुलीसुद्धा देत नसे.

"डाक्टर," ती म्हणाली, "सांगलीचा त्यो कागद माझा न्हाई. हिचा हाय."

डॉक्टरांना समजेना. "हिचा म्हणजे?"

"माज्या नावावर ही जाऊन झोपली."

"का?"

"तुमी खोटं बोलताय का बगायला."

सुलाबाईला वाटलं आपणही काही बोलावं. "चार तांबे पाणी प्याले मी," ती म्हणाली.

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. ते रागावलेही, पण कुणावर ते कळेना. उठले, खुर्ची मागे पडली, ती उचलली, पुन्हा बसले. "बाई, तुमच्या ह्या परीक्षेपायी मी एका बाईचं ऑपरेशन थांबवलंय. तिचं रक्त पाच आहे. तिला काही झालं असतं तर?"

"म्हनूनच आले," हरणाबाई म्हणाली. "तिची पापनी बघितली मी."

डॉक्टरांनी ताबडतोब कंपाउंडरला लक्ष्मीबाईंकडे धाडलं, पण त्या आधीच बाहेर येऊन बसल्या होत्या. मग त्यांनी हरणाबाईला टेबलावर झोपवलं, पोट दाबलं. गाठ जागेवर होती. कवठाचं कवठ, तसूभर कमी नाही.

"मी म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती आणि खोटं कशाला बोला, थोडं समाधानही होतं.

"म्हणला हुता," हरणाबाई म्हणाली. ती उठून बसली. "आता मला एक सांगा. कापल्याबिगर दुसरं कायच न्हाई? खरं सांगा."

डॉक्टरांनी हात पुसले. "परदेशात प्रयोग चालू आहेत, असं मी वाचलंय. ज्या आवाजाने आपण फोटो काढतो, त्याच जातीचा आवाज जोराने एका जागी गोळा करून, पोट न कापता बाहेरूनच गाठ भाजायची."

"बाहीरनं?"

"उन्हात भिंग धरून कागद पेटवतात ना पोरं, तसं. पण ते इथं यायला किती वर्षं लागतील, कुणास ठाऊक. आणि आलं तरी सगळ्याच गाठी भाजतील असं नाही. कुठली भाजेल आणि कुठली नाही, हे आधी ओळखता यायला हवं. खरी मेख तिथेच आहे."

"म्हंजी तिथंबी अंदाजच."

"तिथंही अंदाजच."

"आन् माजी भाजंल का?"

"मला माहीत नाही."

हरणाबाईच्या भुवया खाली आल्या. मी तिला वीस वर्षं ओळखत होतो, त्या जागेवर मी त्या कधी बघितल्या नव्हत्या.

"चाळीस वर्सं बाजार बघतीया," ती हळू सुलाबाईला म्हणाली. "ठाव न्हाई म्हननारा हेडी एकबी बघितला न्हाई. गोळी देताना हा मानूस गुन येनार न्हाई म्हणला. आला न्हाई." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "काडा पिशवी. पर पयली त्या बाईची काडा. ती लय पांढरी हाय."

तसंच झालं. लक्ष्मीबाईंना रक्ताच्या चार बाटल्या चढल्या आणि मग त्यांचं ऑपरेशन झालं. हरणाबाईसाठी धुळाने सांगलीला जाऊन रक्त दिलं. बाटली टांगल्यावर ती बराच वेळ त्या थेंबांकडे संशयाने बघत होती. "ह्येंचं रगात अंगात गेल्यावर मीबी अशीच गप बसायला लागीन का?" तिने नर्सला विचारलं. नर्सने नाही म्हणून सांगितलं, आणि धुळाने सुस्कारा टाकला. सुटकेचा की कसला, ते त्यालाच ठाऊक.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या तिने गाठ बघायला मागितली. डॉक्टरांनी ती स्टीलच्या ताटलीत आणली. तिने बोटाने दाबली, नखाने खरवडली, मग म्हणाली, "कापून दावा." डॉक्टरांनी कापली. आत पांढरी, घट्ट, पिळावर पीळ, जशी ओली लोकर गुंडाळून वाळवावी तशी. ती बघून हरणाबाईने मान हलवली. "ही गोळीनं न्हवती विरघळत," ती म्हणाली, जणू डॉक्टरांनाच पटवून द्यायचं होतं. डॉक्टरांनी वहीतल्या खोडलेल्या शब्दावर पुन्हा "नाही" लिहिलं.

दिवाळी झाली. मेंढ्या थांबत नाहीत. धुळा कळप घेऊन निघाला, घोड्यावर बिऱ्हाड, सुलाबाई आणि तिचा नवरा बरोबर. जाताना तो दवाखान्याशी थांबला. हरणाबाईने खिडकीतून त्याला सांगितलं, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठल्या पाटलाच्या रानात बसवायचं नाही, कुठली मेंढी कधी व्यायची. तो सगळ्याला हूं म्हणाला.

पौषात ती एसटीने कऱ्हाडला उतरली आणि तिथून विचारत विचारत कळपापर्यंत पोचली. तीन जणांना विचारलं, असं तिनेच मला सांगितलं. डॉक्टरांनी घातलेला वजनाचा दंडक ती पाळत होती, आणि तिला तो पाळायला लागतोय म्हणून सुलाबाई दोघींचं वजन वाहत होती. डोक्यावर दोन गाठोडी, कडेला कोकरू, आणि पुढे चालणाऱ्या जावेच्या मोकळ्या हातांकडे नजर.

"अक्का," सुलाबाई म्हणाली, "तपासणी तुझी, पोट माजं. आता वझं तुझं, डोकं माजं. हे कवापतुर?"

"डाक्टरनं तीन म्हैनं सांगितलंय."

"तुझा त्येच्यावर इस्वास हाय?"

हरणाबाईच्या भुवया पुन्हा वर गेल्या. "तीन म्हणलाय," ती म्हणाली, "म्हंजी चार धर."